फडावरच्या लेकरांची यादी

गहिनीनाथ केकाण आमच्या कॉलेजात परिचर म्हणून लागला, तेव्हा मी लेखा विभागात कनिष्ठ लिपिक होतो. आज मी कार्यालयीन अधीक्षक आहे आणि येत्या एकतीस मेला सेवानिवृत्त होणार आहे. गहिनीनाथ परिचर म्हणूनच लागला आणि परिचर म्हणूनच जाईल. पण माजलगावच्या या कॉलेजात तीस वर्षांत मी जेवढी माणसं पाहिली, त्यांत कुणी न सांगता, कुणासाठी तरी काही करून ठेवावं असं ज्याच्या मनात आलं असा हा एकच. त्याचं काय झालं, ते लिहून ठेवतो.

आधी तारखांबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या भागात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा जन्म कागदावर एक जूनचा आहे. माझाही. आयांना तारीख माहीत नसायची. गुरुजी पोराकडं बघून साल ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून एक जून लिहायचे. ज्या घरची माणसं ऊसतोडीला जातात, त्यांचं आणखी अवघड. दिवाळी झाली की कोयते घेऊन निम्मं गाव निघतं, ते चैत्रात परत येतं. मधल्या महिन्यांत लेकरू झालं, तर ते परक्या जिल्ह्यात, उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. त्याची नोंद ना इकडच्या ग्रामपंचायतीत, ना तिकडच्या.

गहिनीनाथ असाच फडात जन्मलेला. त्याचं गाव आंबेदरा, धारूरच्या डोंगरात. बारावी कॉमर्स झालेला, टायपिंगची परीक्षा पास. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. गाव ऊसतोडीवरून परतलं की तो रविवारी एक दोनशे पानी वही घेऊन घरोघर फिरायचा आणि त्या हंगामात कुणाला लेकरू झालं, कुठं झालं, कधी झालं, ते लिहून घ्यायचा. बायकांना तारीख सांगता यायची नाही, म्हणून त्यानं विचारायची एक रीत बसवली होती. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा त्याची थोरली बहीण वत्सलाबाई ओट्यावर बसून मांडीवरच्या पोरीला पाजत होती.

"अक्का, कवा झाली ही?"

"थंडीत."

"थंडी चार महिने असती. संक्रांतीच्या आधी का मागून?"

"करीच्या दिवशी. सकाळी मोळ्या बांधीत होते. ट्रॅक्टरवाला बोंबलत होता, गाडी भरा म्हणून. त्याला काय म्हाईत, हिकडं काय चाललंय!"

"कारखाना कुठला?"

तिनं कारखान्याचं नाव सांगितलं. गहिनीनाथनं पिशवीतून जुनं कॅलेंडर काढलं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची, करीची, तारीख बघितली आणि लिहिलं: वर्षाराणी, १५ जानेवारी १९९९. पुढं कारखाना, तालुका, टोळीच्या मुकादमाचं नाव. मी बी.कॉम. झालेला माणूस. पुराव्याशिवाय आकडा लिहायचा नाही हे मला शिकवलेलं. त्या ओट्यावर बसून मला वाटलं, याच्याइतकी पक्की नोंद आमच्या ऑफिसात सुद्धा कुणी करत नाही.

सन दोन हजारमध्ये संस्थेनं कॉलेजला सहा कॉम्प्युटर आणि एक टेलिफोनची लाइन दिली. त्या खोलीची किल्ली गहिनीनाथकडं आली. तेव्हा एका अमेरिकन कंपनीची योजना होती. आपलं नाव भरलं की ती कंपनी तिच्याकडच्या कॉम्प्युटरवर थोडी जागा फुकट द्यायची, तिथं आपलं स्वतःचं पान मांडायचं. वरती त्यांच्या जाहिरातीची पट्टी, खाली आपण. पोरांनी लगेच पानं मांडली. कुणी नटीचे फोटो लावले, कुणी भावाच्या मोटरसायकलवर बसलेला स्वतःचा. महिनाभरात सगळ्यांचा उत्साह संपला. गहिनीनाथ पोरांच्या मागं उभा राहून बघत होता. ती खोली झाडून, पुसून झाली की तो शिकलेलं एका रजिस्टरात उतरवायचा. अक्षर ठळक कसं करायचं, तक्ता कसा आखायचा, एका पानावरून दुसऱ्या पानावर कसं जायचं.

दोन महिन्यांनी त्यानं मला बोलावलं. "भाऊसाहेब, जरा या की."

पडद्यावर पान हळूहळू उघडत गेलं. मराठी अक्षरं तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरवर दिसत नसत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. वर नाव, 'फडावरची लेकरं'. त्याखाली, काम अजून चालू आहे हे सांगायला, फावड्यानं माती ओढणारा एक छोटा माणूस. तो सारखा हलत होता. त्याच्याखाली एक ओळ, तिच्यावर दाबलं की यादीचं पान उघडायचं. एकोणसाठ लेकरं. साल, तारीख, कारखाना, आईचं नाव. आईचं नाव आधी, बापाचं मागून. मी विचारलं, असं का, तर म्हणाला, "बाप तवा फडात असतो. तारीख आईला म्हाईत असती."

स्टाफरूममध्ये हसले सगळे. एक प्राध्यापक तर रोज विचारायचे, "काय बे गह्या, अमेरिकेत पाचटाला काय भाव हाय आज?"

"तुमच्या पुस्तकापेक्षा बरा हाय, सर," गहिनीनाथ म्हणायचा. त्या सरांच्या पुस्तकाच्या प्रतींचे गठ्ठे स्टोअररूममध्ये पडून होते.

पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा होता. चारशेच्या वर गेला होता. त्यातले तीनशे तो स्वतः, हे त्यानंच मला सांगितलं. पण शारजात नोकरीला असलेल्या आपल्या भागातल्या एका माणसानं अभिप्राय लिहिला होता, 'माझाही जन्म असाच, तुमची वही जपा.' गहिनीनाथनं तो अभिप्राय छापून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. पुढं धुण्यात गेला.

वही मात्र त्यानं जपली नाही. एक-दोन वर्षांनी ती फाटली, कडा झिजल्या. त्याचं म्हणणं, सगळं तर आता तिकडं चढवलंय, अमेरिकेत, पक्कं. वही रद्दीत घालणं त्याला पटेना, कारण तिच्यात लेकरांची नावं होती. आमच्याकडं जुनी पोथी रद्दीत घालत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. तसं त्यानं केलं. गणपती बुडवायला धरणावर गेला तेव्हा वहीला हळदकुंकू लावलं आणि ती सिंदफणेच्या पाण्यात सोडली. मी बरोबर होतो. मी हातही जोडले.

त्यानंतर दोन हजार तीनचा जून. वत्सलाबाईला दुसरं लेकरू झालं होतं, मुलगा. दिवाळीनंतर टोळी निघणार, म्हणजे साडेचार वर्षांची वर्षाराणी बरोबर जाणार आणि दिवसभर कोपीत भावाला सांभाळणार. एकदा पोरगी भाऊ सांभाळायला लागली की तिची शाळा संपली, हे तिकडं सगळ्यांना माहीत असतं. आंबेदऱ्यात शहादेव गुरुजी होते. तोडणीला गेलेल्यांची पोरं ते हंगामभर शाळेतच ठेवून घ्यायचे. सुरुवातीची दोन वर्षं तर त्यांनी स्वतः भाकरी थापल्या. पण पटावर नाव असलं तरच पोर ठेवता यायचं, आणि पटावर घ्यायला सहा वर्षं पूर्ण लागायची. गुरुजी नियमाला पक्के.

"जन्माचा काही कागद हाय का?" गुरुजींनी विचारलं.

गहिनीनाथ माजलगावला आला. खोली उघडली. यादीत भाचीच्या नावापुढं १९९९ चं १९९७ केलं, तिची ओळ त्या सालच्या लेकरांत नेऊन ठेवली आणि पान छापून घेतलं. शिस्त अशी की तळाशी 'शेवटचा बदल, ८ जून २००३' हेही लिहिलं. तो कागद त्यानं गुरुजींपुढं ठेवला. खेड्यातल्या मास्तरांनी इंटरनेटवरून निघालेला कागद पहिल्यांदाच हातात धरला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, गहिनीनाथच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लई मोठं काम केलंस." मग रजिस्टरात साल सत्त्याण्णव घेतलं आणि सवयीनं तारीख लिहिली, एक जून.

ही गोष्ट त्यानं मला त्याच आठवड्यात सांगितली. मी म्हणालो, "पोरीचं भलं झालं, विसरून जा." माझ्याही मते ते बरोबरच होतं.

पाच-सहा वर्षांनी ते पान एके दिवशी उघडेना. कंपनीनं फुकट जागा देणं बंद केलं होतं. तशी नोटीस ईमेलवर पाठवली होती म्हणे, पण ज्या ईमेलवर पाठवली तो गहिनीनाथ कधीच उघडत नव्हता. तोपर्यंत यादी एकशे बाराची झाली होती. तो आठ दिवस रोज सकाळी खोली उघडून तोच पत्ता टाकत होता. मग त्यानं ते सोडून दिलं. नव्यानं यादी केली नाही. वही पाण्यात, पान हवेत.

वर्षाराणी मात्र शिकली. बी.ए. झाली. पहाटे पाचला धारूरच्या रस्त्यावर पळायची, तिच्या पुढं घाट आणि मागं गावची कुत्री. तिला वर्दीची नोकरी पाहिजे होती. पहिल्या भरतीत मैदानी चाचणी मारली, लेखीत दोन गुणांनी गेली. दुसरी भरती निघता निघता दोन वर्षं लांबली. निघाली तेव्हा वयाची अट बघितली, तर शाळेच्या तारखेप्रमाणं ती सात महिन्यांनी बाहेर होती. खऱ्या तारखेप्रमाणं अजून वर्षभर आत.

बीडला भागवत वकील आहेत, आमच्या कॉलेजचेच जुने विद्यार्थी. मी तिला आणि गहिनीनाथला त्यांच्याकडं नेलं. ते म्हणाले, "शाळा सोडल्यावर तारीख बदलत नाहीत. एकच वाट आहे. रजिस्टर लिहिताना गुरुजींची उघड नजरचूक झाली, असं दाखवता आलं तर. त्या वेळचा एखादा कागद आहे का, ज्यात खरी तारीख आहे?"

वर्षाराणी एकदम म्हणाली, "मामाचं इंटरनेटवरचं पान व्हतं की! सगळा गाव सांगतो."

गहिनीनाथ पिशवी उचलून उठला.

जुन्या, बंद पडलेल्या पानांच्या नकला जपून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर आहे. ती तिनं शोधून काढली. माझ्या टेबलाशेजारी बसून, मोबाइलवर. पानाच्या दोनच नकला निघाल्या. पहिली दोन हजार एकची. तिच्यात वरचं नाव, फावडेवाला माणूस आणि यादीकडं नेणारी ती ओळ. ओळीवर दाबलं, तर हे पान जतन केलेलं नाही असा निरोप. दुसरी नोव्हेंबर दोन हजार तीनची. तिच्यात यादी संपूर्ण. वर्षाराणीनं बोटानं सरकवत स्वतःचं नाव शोधलं. सापडल्यावर हसली. मग तारीख वाचली. मग तळाची ओळ वाचली.

"मामा, मी शाळेत कवा गेले?"

"दोन हजार तीनला."

"जूनमधी?"

"व्हय."

"मंजे तुमीच?"

गहिनीनाथनं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. रडली नाही, चिडलीही नाही. मोबाइल टेबलावर पालथा ठेवून म्हणाली, "बरं. ही नक्कल द्यायचीच न्हाई. तुमी लिहून द्या की मी गुरुजींला नव्याण्णव सांगितलं व्हतं, त्यांनी चुकून सत्त्याण्णव लिहिलं. नवाचं सात कुणाचं बी होतं."

"गुरुजी असं चुकायचे न्हाईत, बाई."

"गुरुजी वारले, मामा. मी जित्ती हाय."

वकिलांनीही तेच सांगितलं. प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्यांचा, टाइप मी केला. वत्सलाबाईनं तोडणीला जाण्याआधी तिच्या कागदावर अंगठा दिला. गहिनीनाथनं स्वतःच्या कागदावर सही केली, पण वाचायला मागितला नाही. मी त्याच्याकडं बघितलं आणि पुढच्या पानावर बोट ठेवून दाखवलं, इथंही कर म्हणून.

जानेवारीत बीडच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात सुनावणी झाली. साहेब तसे चांगले होते. त्यांनी कागद चाळले, रजिस्टरची नक्कल पाहिली, वर्षाराणीला मैदानीत किती गुण होते ते विचारलं. तिनं सांगितल्यावर मान हलवून म्हणाले, "वा!" पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, झालं काम.

पेन कागदावर टेकवता टेकवता साहेब सहज म्हणाले, "हे तुमच्याकडचे गुरुजी म्हणजे धन्य! सगळ्या पोरांना एक जून. वर नव्याण्णवचं सत्त्याण्णव. सकाळी सकाळी घेऊन बसायचे की काय रजिस्टर पुढं ठेवून?"

वकील हसले. मीही हसलो. साहेब हसले की समोरच्यानं हसायचं, हे नोकरीत अंगवळणी पडतं.

गहिनीनाथ म्हणाला, "साहेब, गुरुजी सुपारी सुदिक खात नव्हते."

"मग शुद्धीवर असून असं लिहिलं? हे तर त्याहून वाईट!"

"त्यांनी न्हाई वाईट केलं. मी केलं."

वकील घाईनं पुढं झाले. "साहेब, यांना म्हणायचंय की–"

"थांबा, वकीलसाहेब." साहेबांनी पेन हातातच धरलं होतं. "तुम्ही गुरुजींना कोणतं साल सांगितलं?"

"सत्त्याण्णव."

"खरं कोणतं?"

"नव्याण्णव. करीचा दिवस. तारीख पंधरा. मीच काढलेली हाय."

"मग सत्त्याण्णव मुद्दाम सांगितलं?"

"व्हय. कागद दाखवून. गुरुजींनी माझ्यावर इस्वास ठेवला."

वर्षाराणी मामाकडं बघत नव्हती. ती साहेबांच्या हातातल्या पेनाकडं बघत होती. साहेबांनी टोपण लावलं.

"मग ही नजरचूक नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "जी माहिती दिली गेली, तीच लिहिली गेली. म्हणजे रजिस्टरातली नोंद बरोबर आहे. हे प्रतिज्ञापत्र मी घेतलं, तर खोटं दिलं म्हणून तुमच्यावरच कारवाई करावी लागेल. ते परत घेऊन जा. अर्ज मागं घेतला असं लिहून द्या."

मीच ते लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. वर्षाराणीनं खाली सही केली आणि तारीख घातली.

बाहेर व्हरांड्यात वकील गहिनीनाथवर तुटून पडले. "अहो, मेलेल्या माणसाला काय नोटीस जाणार होती का? एक वाक्य गिळता येत नव्हतं तुम्हाला?" गहिनीनाथ चप्पल घालत होता. एक चप्पल घालून तसाच उभा राहिला. वकील रिक्षात बसून निघून गेले.

गहिनीनाथवर मलाही राग आला होता, हे लपवत नाही. दोन हजार तीनमध्ये खोटं बोलून त्यानं पोरीला शाळेत बसवलं, तेव्हा मी त्याला बरोबर म्हटलं. आता खरं बोलून तिला नोकरीच्या दारातून परत आणलं, तर त्याला काय म्हणावं? शहादेव गुरुजींचं नाव स्वच्छ राहिलं. ते नाव आज आंबेदऱ्यात पाच-पन्नास माणसांच्या तोंडात असेल. त्यासाठी एका पोरीचं आयुष्य द्यावं का, याचं उत्तर मला येत नाही. आणि ज्यांना येतं असं वाटतं, त्यांनी त्या व्हरांड्यात उभं राहून बघायला पाहिजे होतं.

आम्ही बसस्टँडपर्यंत चालत गेलो. धारूरची गाडी लागायला अर्धा तास होता. मला तेलगावपर्यंत त्याच गाडीनं जायचं होतं, पुढं माजलगावची बस धरायची. बाकावर बसल्यावर गहिनीनाथ म्हणाला, "बाई, काही खाती का? वडा आणू?"

"नको."

"सकाळपासून उपाशी हायस."

"मामा," ती म्हणाली, "गुरुजींची लाज राखली तुमी. बरं केलं. पण माझी तारीख दोनदा तुमीच ठरवली. मला एकदा तरी इचारलं का?"

"बाई, तवा तू साडेचार वर्षांची व्हतीस."

"अन् आज?"

त्यानं खाली बघितलं. मी उठून गाडी कधी आहे ते विचारायला चौकशी खिडकीकडं गेलो, जरी मला वेळ माहीत होती.

गाडी लागली. गर्दी होती. गहिनीनाथनं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या, नेहमीसारख्या, एक तिच्यासाठी आणि एक स्वतःसाठी. वर्षाराणी मागच्या दारानं चढली आणि शेवटच्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये जाऊन बसली. मी गहिनीनाथशेजारी बसलो. वडवणीच्या अलीकडं कंडक्टर तिकिटं फाडत आला. गहिनीनाथनं पैसे पुढं केले, म्हणाला, "एक फुल, एक हाफ. धारूर."

"हाफवाली कुठंय?"

"ती मागं. शेवटच्या बाकावर, निळी ओढणी."

कंडक्टरनं मागं मान वळवून गाडीच्या आवाजावर ओरडून विचारलं, "ओ ताई, ह्यांच्यासोबत हाय का तुमी?"

"न्हाई," वर्षाराणी म्हणाली. तिनं स्वतःचे पैसे आधीच हातात काढून ठेवले होते.